कोथिंबीर म्हणजे काय?

माझ्या टेबलाच्या खणात चित्रांच्या कार्डांची एक चळत असते. कंगवा, कुलूप, छत्री, बदक, शिडी, उंट, चाळणी, सुई. स्मृतिभ्रंशाचा पेशंट स्पीच थेरपीसाठी आला की पहिल्याच भेटीत ही चळत बाहेर निघते. कार्ड दाखवायचं आणि नाव विचारायचं. मग उलट करायचं, म्हणजे आपण नाव घ्यायचं आणि समोर मांडलेल्या चार-सहा कार्डांतून नेमकं उचलायला सांगायचं. हे झालं की ज्यांचं चित्र काढता येत नाही असे शब्द. प्रामाणिकपणा म्हणजे काय, उसनं घेणं आणि चोरणं यांत फरक काय, अमक्या म्हणीचा अर्थ काय.

मूर्त शब्द आणि अमूर्त शब्द असे हे दोन गट. शिकत असताना त्यांचा एक क्रम डोक्यात पक्का बसतो. लहान मूल आधी 'दूध', 'बॉल', 'काऊ' शिकतं; 'न्याय', 'जबाबदारी' हे बरेच पुढचे शब्द. तेव्हा भाषा जायला लागली की अमूर्त शब्द आधी जाणार आणि डोळ्यांना दिसणारे, हाताला लागणारे शब्द शेवटपर्यंत टिकणार, असं गृहीत धरलं जातं. घरची मंडळीही हेच धरून चालतात. या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला ठामपणे सांगावंसं वाटतं की हा क्रम सगळ्यांना लागू पडत नाही. आणि तो लागू पडतो असं मानल्यामुळे कितीतरी घरांत आजारी माणसाला ढोंगी, हट्टी किंवा वेडं ठरवलं जातं.

एका निवृत्त बँक मॅनेजरांबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. काका साठीच्या अलीकडचे, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं अस्खलित. बसल्या बसल्या त्यांनीच मला विचारलं, "मॅडम, आपली फी किती? पावती मिळेल ना?" माझ्याकडे काकूंनाच तपासायला आणलंय की काय असं बघणाऱ्याला वाटलं असतं. काकू मात्र रडवेल्या झाल्या होत्या. मंडईत त्या म्हणाल्या, "अहो, कोथिंबिरीची एक जुडी घ्या," आणि काकांनी शांतपणे विचारलं, "कोथिंबीर म्हणजे काय?" आधी त्यांना चेष्टा वाटली. मग तोच प्रश्न पडवळाबद्दल आला, सांडशीबद्दल आला, शेजारच्यांच्या मांजराबद्दल आला. शब्द नीट ऐकू येत होता, जसाच्या तसा परत उच्चारता येत होता, पण त्याचा अर्थ पुसला गेला होता.

हा 'म्हणजे काय' फार महत्त्वाचा असतो. अल्झायमरचा पेशंट सहसा असं विचारत नाही. तो शब्दासाठी अडखळतो: "ते हो, ते... भाजीवर चिरून घालतात ते." वस्तू त्याला ठाऊक असते, नाव सापडत नाही. काकांना मी कोथिंबिरीची काडी हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट केली, हुंगली, आणि "पान आहे कसलं तरी" म्हणून सभ्यपणे टेबलावर ठेवली. नावाबरोबर त्या वस्तूची ओळखही गेली होती. त्यांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या कानशिलाकडच्या भागाचं, म्हणजे टेम्पोरल लोबचं, पुढचं टोक डाव्या बाजूला ठळकपणे आक्रसलेलं होतं. या आजाराला सिमँटिक डिमेन्शिया म्हणतात. स्मृतिभ्रंशाच्या एकूण पेशंटांत तो थोड्यांना होतो, पण पुष्कळदा पासष्टीच्या आतच गाठतो, आणि दिवसभराच्या गोष्टी या लोकांना बऱ्यापैकी लक्षात राहतात. काकांना मागच्या भेटीत मी कुठल्या रंगाची फाइल वापरली तेही आठवत असे. त्यामुळे 'विसरणं' हा शब्द त्यांच्या आजाराला नीटसा लागू होत नाही.

कार्डांवर त्यांचं काय झालं ते बघण्यासारखं होतं. बदक दाखवलं, तर "पक्षी". मोर दाखवला, तरी "पक्षी". काही महिन्यांनी दोन्हींना "प्राणी" म्हणू लागले, आणि त्याहीनंतर "असतं की हे बाहेर". बारकावा आधी जातो, मोघम तेवढं उरतं. एकदा मी बदकाचं चित्र समोर ठेवून काढायला सांगितलं, तर उत्तम काढलं. चित्र झाकलं, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि पुन्हा काढायला सांगितलं. चोच होती, डोळा होता, आणि खाली चार पाय. त्यांच्या लेखी तो आता नुसता प्राणी होता, आणि प्राण्याला चार पाय असतात. इंग्लंडमधल्या संशोधकांनी त्यांच्याकडच्या पेशंटांची अशीच चार पायांची बदकं छापलेली आहेत. ती मी विद्यार्थीदशेत पाहिली होती, पण आपल्यासमोर एक माणूस पेन्सिल हातात घेऊन मन लावून तिसरा आणि चौथा पाय काढतो तेव्हा काय वाटतं, ते त्या पानावर कळत नाही.

मग अमूर्त शब्दांची पाळी आली. 'तारण' म्हणजे? "कर्ज बुडालं तर बँकेच्या हाती राहावी म्हणून घेतलेली वस्तू." विश्वासघात? "ज्याच्यावर आपण भिस्त ठेवली त्यानंच दगा देणं." भीड? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, किंचित हसले आणि म्हणाले, "नाही म्हणायला जीभ उचलत नाही, ती." आणि सुई? "सुई... शब्द ऐकलाय. काय ते नाही सांगता यायचं." काकू शेजारी बसून हे ऐकत होत्या. त्यांना वाटलं, हा माणूस आपल्याला खेळवतोय. ज्याला भीड समजते त्याला सुई कशी समजत नाही?

लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात एलिझाबेथ वॉरिंग्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंना हाच प्रश्न पडला होता. १९७५ मध्ये त्यांनी तीन पेशंटांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या एका गृहस्थांना, निबंधात त्यांची फक्त आद्याक्षरं आहेत, 'याचना' या अर्थाच्या अवघड इंग्रजी शब्दाची व्याख्या चोख करता आली, पण सुई किंवा वाळलेला चारा म्हणजे काय हे सांगता आलं नाही. तोवर सगळे मानत होते तो क्रम इथे उलटा झालेला होता. अमूर्त हे मूर्ताच्या डोक्यावर रचलेलं असतं, असं असतं तर हे घडूच शकलं नसतं. काकूंना मी त्या दिवशी या निबंधाबद्दल सांगितलं. काकांचा आजार पन्नास वर्षांपूर्वी लंडनमधल्या कुणालातरी झाला होता, त्यावर लिहिलं गेलं आहे आणि त्यात नाटक काही नाही, एवढं कळल्यावर त्यांच्या बोलण्यातला राग ओसरला. उपाय नसेल तर निदान कळून काय उपयोग, असं लोक विचारतात. हा उपयोग मी स्वतः पाहिला आहे.

असं का होतं याचं उत्तर अजून पुरतं मिळालेलं नाही, पण त्याची दिशा कळलेली आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ ॲलन पैव्हिओ यांनी १९७१ च्या पुस्तकात मांडलं होतं की मूर्त शब्दाला दोन आधार असतात, एक भाषेचा आणि एक डोळ्यांसमोर येणाऱ्या प्रतिमेचा. अमूर्त शब्दाला बहुतांशी भाषेचाच. म्हणून निरोगी माणसालाही 'शिडी' लवकर आठवते आणि 'शक्यता' उशिरा. अल्झायमरमध्ये हा फरक बहुधा वाढतो. पण टेम्पोरल लोबचं खालचं-पुढचं अंग जिथे आक्रसतं, तिथेच वस्तू कशी दिसते याची माहिती तिच्या इतर माहितीशी जोडली जात असते. तो सांधा निखळला की ज्या शब्दांची सगळी मदार रंग, आकार, पोत यांवर आहे त्यांचं जास्त नुकसान होतं. भीड, दगा, लाज यांना आकारच नसतो. ते शब्द आपण माणसांच्या वागण्यातून, प्रसंगांतून, मनात उठलेल्या कळेतून शिकलेलो असतो, आणि त्या वाटा काही काळ शाबूत राहतात.

इथे घाईनं उलटा नियम करून टाकू नये. मँचेस्टरचे पॉल हॉफमन आणि मॅथ्यू लॅम्बन राल्फ यांनी २०११ मध्ये सिमँटिक डिमेन्शियाचे बरेच पेशंट एकत्र तपासून दाखवलं की त्यांतल्या बहुतेकांना मूर्त शब्दच बरे कळतात. वॉरिंग्टनबाईंच्या पेशंटसारखे उलटे लोक विरळा. अभ्यासकांत यावर वाद आहे. मला माझ्या टेबलापाशी दिसतं ते असं, की शब्द मूर्त आहे की अमूर्त याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, तो शब्द त्या माणसाच्या आयुष्यात किती वेळा आणि कशासाठी वापरला गेला यावर त्याचं टिकणं ठरतं. काकांनी उभी हयात 'तारण', 'जामीन', 'थकबाकी', 'विश्वास' या शब्दांत काढली. पडवळ त्यांनी फक्त ताटात पाहिलेलं. भाजी आणणं, निवडणं, चिरणं हे सगळं काकूंचं. त्यांच्यासाठी तारण हे पडवळापेक्षा जास्त हाताळलेलं होतं.

पुढे त्याच आजाराच्या एक बाई माझ्याकडे येऊ लागल्या. त्या घरी शिवणकाम करायच्या, ब्लाउज आणि परकर-पोलकी. बदक, उंट, शिडी, सगळं पुसलं गेलेलं. पण सुईचं कार्ड पुढे केल्याबरोबर म्हणाल्या, "नऊ नंबर चालंल, अकरा लई बारीक होती." काज, टीप, दुमड, उसवणं, अस्तर हे शब्द त्यांच्याकडे अखेरच्या टप्प्यातही शाबूत होते. आणि 'भीड' विचारल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. काका आणि या बाई यांचे स्कॅन शेजारी ठेवले तर सारखे दिसतील. शब्दांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर दोघांना एकच आजार आहे यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. म्हणून छापील यादी मी वापरते, पण तिच्यावर थांबत नाही. पहिल्या भेटीत मी घरच्यांना विचारते की यांचा दिवस कशात जायचा, कुठल्या गोष्टीवर तासन्‌तास बोलायचे, घरात कुठलं काम यांच्याशिवाय अडायचं. त्यातून प्रत्येकाची वेगळी यादी तयार होते.

वस्तूंच्या बाबतीतही हे असंच आहे. क्लिनिकमधल्या चिनीमातीच्या मगात काकांना पाणी दिलं तर ते मग हातात धरून बसत. त्याचं काय करायचं ते कळत नसे. काकूंनी पिशवीतून घरचं फुलपात्र काढलं, काठाला पोचा आलेलं, आणि त्यात पाणी ओतलं, की उचलून गटागटा प्यायचे. मँचेस्टरच्याच ज्युली स्नोडेन यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९८९ मध्ये या आजाराला सिमँटिक डिमेन्शिया हे नाव दिलं. त्यांच्याच गटानं पुढे दाखवलं की पेशंटला स्वतःच्या वापरातली वस्तू कळते आणि तशीच परकी वस्तू कळत नाही. हे वाचलं तेव्हापासून मी घरच्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगते, ती अशी की या काळात घरातली भांडीकुंडी बदलू नका. नवा कुकर, नवा गॅस, मुलानं प्रेमानं आणलेला काचेचा डिनर सेट, हे सगळं थोडं लांबवा. टूथब्रश बदलायचा तर त्याच रंगाचा आणा. आणि घर बदलणं टळत असेल तर टाळा.

आता अल्झायमरच्या एका आजींबद्दल. वाईच्या बाजूच्या, शेतकरी घरातल्या. मुलगा आणि सून पुण्यात, म्हणून आजी पुण्यात. न्यूरॉलॉजिस्टनी तपासताना त्यांना म्हण विचारली होती, 'नाचता येईना अंगण वाकडे'. आजी म्हणाल्या, "वाकडं आसंल तर चोपून घ्यावं की. आमचं तर सारवल्यालं हाय." म्हणीचा आडवा अर्थ सांगणं ही अमूर्त विचारांची जुनी चाचणी आहे, आणि आजींकडे म्हणीतलं फक्त अंगण उरलं होतं. माझ्याकडे त्यांनी सूप, उखळ, शिंकाळं पटापट ओळखलं. जात्याच्या चित्रापाशी नाव अडलं, पण उजवा हात आपोआप मुठीत वळला आणि गोल फिरू लागला, आणि डाव्या हातानं जणू दाणे टाकू लागल्या. नाव नव्हतं, जातं होतं. काकांच्या अगदी विरुद्ध.

आजींच्या सुनेची तक्रार मात्र वेगळीच होती. "मॅडम, यांना साधं काही सांगितलेलं कळत नाही. आवरा म्हटलं तर नुसत्या बघत राहतात." मी तिला दिवसभरात ती आजींशी काय काय बोलते ते लिहून आणायला सांगितलं. तिनं प्रामाणिकपणे आणलं: आवरा आता. जरा समजून घ्या. असं करू नका. सोय केलीय सगळी. आटपा लवकर. परवा येणार आहेत ना ते. यातल्या एकाही वाक्यात हाताला लागेल अशी एक वस्तू नाही. 'आवरा' या एका शब्दात उठणं, अंघोळ, लुगडं, वेणी, चप्पल इतकं सगळं भरलेलं असतं, आणि ते आपलं आपण उलगडून घ्यायचं असतं. 'परवा' तर मागचाही असतो आणि पुढचाही, संदर्भावरून ठरवायचा. आपण घरात ज्याला साधं बोलणं म्हणतो ते असं अमूर्तानं गच्च भरलेलं असतं. सुनेला मी सुचवलं की दर वाक्यात एक वस्तू आणि एक कृती असू द्या, आणि शक्यतो ती वस्तू हातात देऊन बोला. "आत्या, हा कंगवा घ्या." "ही चप्पल घाला." 'ते', 'तिकडे', 'त्यांचं' हे शब्द गाळा. टोमणे तर पूर्ण बंद, कारण टोमण्याचा अर्थ शब्दांत नसतो, तो पलीकडे असतो, आणि आजींपर्यंत फक्त आवाजातला राग पोचतो. महिनाभरानं सून आली ती सांगत की भांडणं निम्म्यावर आलीत. आजींचा आजार होता तिथेच होता. बोलणं बदललं होतं.

काकूंना मात्र हाच सल्ला देऊन उपयोग नव्हता. काकांशी 'टॉवेल घ्या', 'साबण घ्या' असं बोललं तर ते अडायचे, आणि "तुमचं रोजचं सकाळचं काम राहिलंय" म्हटलं तर सरळ बाथरूमकडे निघायचे. माहितीपत्रकांत 'सोपे, मूर्त शब्द वापरा' असा सरसकट सल्ला छापलेला असतो. अल्झायमरसाठी तो बरोबर आहे आणि अल्झायमरचेच पेशंट सर्वांत जास्त, हेही खरं. पण आपल्या देशात साठीपुढच्या अंदाजे ८८ लाख लोकांना, म्हणजे शंभरात सातांहून अधिक लोकांना, डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. एवढ्या संख्येत विरळा आजाराचीही माणसं हजारोंनी असतात, आणि त्यांच्या घरी हा सल्ला उलटा पडतो.

आणखी एक गोष्ट घरच्यांना हमखास फसवते, ती म्हणजे वाचन. एका निवृत्त शिक्षिकेचा मुलगा मला म्हणाला, "आई रोज सकाळी अख्खा पेपर मोठ्यानं वाचते, एक चूक करत नाही. भाषेला काही झालेलं नाही तिच्या." मी बाईंसमोर पेपर धरला. त्यांनी पावसाची बातमी खणखणीत आवाजात वाचली, विरामचिन्हांसकट. मी विचारलं, "धरणाचं काय झालंय?" त्या म्हणाल्या, "धरण म्हणजे?"

देवनागरीत हे होऊ शकतं. अक्षर दिसलं की उच्चार ठरलेला असतो, अर्थ मध्ये यावा लागत नाही. इंग्रजीत तसं चालत नाही. 'पाइंट' या मापाचं स्पेलिंग बघून असा पेशंट 'पिंट' वाचतो, कारण तिथे शब्द ओळखल्याशिवाय उच्चार कळत नाही, आणि डॉक्टरला लगेच संशय येतो. जपानमध्ये त्सुनेओ इमुरा यांनी १९४३ मध्येच अशा पेशंटांचं वर्णन करून ठेवलं आहे. कांजी या चित्रलिपीत ते चुकीचे उच्चार करायचे, आणि काना या ध्वनिलिपीत ठीक वाचायचे. आपल्याकडचा पेशंट जन्मभर कानासारख्याच लिपीत वाचत आलेला असतो, त्यामुळे त्याचं दुखणं वाचनात लपून राहतं. मराठीत एक ठळक फट आहे, ती च, ज, झ यांच्या दोन-दोन उच्चारांची. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा. 'जरा थांब' मधलं जरा आणि म्हातारपण या अर्थाचं जरा, लिहायला एक, बोलायला दोन. म्हणून वाचून घ्यायच्या उताऱ्यात मी असे शब्द मुद्दाम पेरते आणि तिथे कान देऊन ऐकते. पण खरी परीक्षा वाचून झाल्यावरच्या प्रश्नातच असते. घरच्यांनी पेपर वाचून घेतला तर एवढं करावं, बातमीतल्या एका साध्या शब्दावर बोट ठेवून 'हे काय असतं' असं सहज विचारावं.

गेलेले शब्द परत शिकवता येतात का, हे सगळेच विचारतात. सिमँटिक डिमेन्शियात काही काळ, काही प्रमाणात येतात. रोज घोकले, स्वतःच्या वस्तूचा फोटो समोर ठेवून घोकले, तर पेशंट ते शब्द पुन्हा म्हणू लागतो. पण सराव थांबला की ते गळतात, आणि शिकलेला शब्द शिकलेल्या फोटोपुरताच राहतो. घरच्या झाडूला झाडू म्हणणारा माणूस शेजाऱ्यांच्या झाडूपाशी अडतो. तेव्हा कुठले शब्द धरून ठेवायचे हे निवडावं लागतं. काकांसाठी मी यादी केली त्यात पाणी, औषध, चष्मा, संडास, दुखतंय असे शब्द होते. काकूंनी त्यात नातवाचं नाव घातलं आणि 'वरण' घातलं, कारण काकांना वरणभात आवडायचा आणि त्यांनी तो स्वतः मागावा अशी काकूंची इच्छा होती. ते शब्द आम्ही बराच काळ टिकवले. घरात लग्नकार्य निघालं, सराव सुटला, आणि त्यानंतर अर्धेही परत आले नाहीत. काकूंनी उरलेल्यांवर नेटानं काम चालू ठेवलं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सहीची. आजींच्या थोरल्या मुलानं एक दिवस हक्कसोडपत्राचा कागद आणला आणि म्हणाला, "मॅडम, आईला कळतंय एवढं एक पत्र द्या. वकिलांनी मागितलंय." त्यानं माझ्यासमोरच आजींना विचारलं, "आई, तुझा हिस्सा सोडायला तुझी संमती आहे ना?" आजी "हो" म्हणाल्या. मी विचारलं, "आजी, तुमचा हिस्सा सोडायला तुमचा नकार आहे ना?" त्याही वेळी "हो"च म्हणाल्या. हिस्सा, संमती, नकार, हक्क यांतला एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. पोचत होता तो विचारणाऱ्याचा सूर, आणि वडीलधाऱ्या बाईनं पोराला 'हो' म्हणायचं ही सवय.

पण एवढ्यावरून आजींना काहीच ठरवता येत नाही असं लिहून टाकणंही मला मान्य नव्हतं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ उपचारांच्या निर्णयांबद्दल सांगतो की माणसाला माहिती सोप्या भाषेत, खुणांनी, चित्रांनी, त्याला कळेल अशा रीतीनं द्यायला हवी, आणि मगच त्याची क्षमता ठरवावी. जमिनीच्या कागदाचा कायदा वेगळा, पण ही रीत मला सगळीकडे रास्त वाटते. मी सुनेकडून गावच्या घराचा, विहिरीच्या मळ्याचा आणि तिन्ही मुलांचा असे फोटो मागवले. मळ्याचा फोटो समोर ठेवून विचारलं, "आजी, हे कुणाचं?" "माझं. माह्यारानं दिल्यालं." "हे कुणाला द्यायचं?" आजींनी तिन्ही मुलांच्या फोटोंवर आळीपाळीनं बोट ठेवलं. थोरल्याचा फोटो एकटा पुढे करून विचारलं, "याला एकट्याला?" त्यांनी तो फोटो बाजूला सारला आणि उरलेले दोन त्याच्या शेजारी लावले. आठवड्यानं पुन्हा विचारलं, फोटोंचा क्रम बदलून विचारलं, उत्तर तेच आलं. प्रश्न, फोटो आणि आजींनी काय केलं हे सगळं मी तारखांसह लिहून दिलं. हक्कसोडपत्र झालं नाही. थोरला मुलगा नंतर आला नाही. आजींना सून आणत राहिली.

तेव्हापासून मी रिपोर्टात 'आकलन मध्यम स्वरूपाचे' असं वाक्य लिहीत नाही. असलं वाक्य डॉक्टर, वकील, मुलं, बँक जो तो आपापल्या सोयीनं वाचतो. मी शब्द लिहिते. हे शब्द नुसते ऐकून कळतात, हे वस्तू हातात दिल्यावर कळतात, हे फोटोवरून कळतात, हे कशानंही कळत नाहीत. कागदावर सही घ्यायची असेल तर कुठले प्रश्न कशा पद्धतीनं विचारावेत तेही लिहिते, आणि 'हो' हे उत्तर उलट प्रश्न विचारून तपासल्याशिवाय धरू नये, ही ओळ शेवटी ठळक अक्षरांत असते. एका वकीलबाईंनी मध्यंतरी फोन करून विचारलं की असा रिपोर्ट आमच्या दुसऱ्या एका अशिलाच्या वडिलांचाही करून द्याल का. ते सुतार होते, आजार सिमँटिक डिमेन्शियाचा. मी त्यांना सांगितलं, येताना त्यांची हत्यारांची पेटी घेऊन या.